मधल्या वर्षांतली शिकवणी

गाणं सोडून देणारी मुलं दोन प्रकारची असतात. काही पहिल्या वर्षातच जातात. आईवडिलांच्या हौसेखातर आलेली असतात, त्यांचं मन दुसरीकडे असतं, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं फारसं काही नाही. दुसरी मुलं पाच-सहा वर्षं नेटानं शिकतात, मध्यमा पूर्ण होतात आणि विशारदच्या अलीकडे थांबतात. त्यांचा आवाज लागलेला असतो, ताल पक्का झालेला असतो, आठ-दहा राग बऱ्यापैकी मांडता येत असतात. ती भांडून जात नाहीत. आधी रियाज पातळ होतो, मग दहावी-बारावीचं कारण येतं, मग कॉलेजचं, आणि एक दिवस लक्षात येतं की तानपुऱ्याचं अ‍ॅप महिनाभर उघडलेलंच नाही. मला या दुसऱ्या मुलांबद्दल लिहायचं आहे. त्यांचं जाणं मनाला लागतं, आणि पुष्कळदा ते टाळता येतं. त्यांच्या हाती एक नवशिका विद्यार्थी द्यावा आणि त्याला शिकवायला सांगावं. उपाय इतका साधा आहे. तो नेमका कसा काम करतो, कधी करत नाही आणि गुरूनं त्याची मांडणी कशी करावी, हे सावकाश पाहण्याजोगं आहे.

आधी उत्साह का ओसरतो ते पाहू. सुरुवातीच्या वर्षांत प्रगती कानाला सहज कळते. मागच्या महिन्यात षड्ज हलत होता, आज तो ठरतो. मागच्या दिवाळीत तीनतालात बंदिश म्हणताना सम चुकत होती, आता मुखडा बरोबर समेवर येतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा आहेत. त्यांतल्या पहिल्या तीन-चार मनापासून शिकणाऱ्या मुलांना झपाट्यानं देता येतात. प्रमाणपत्र येतं, घरी पेढे येतात. नंतर मात्र कामाचं स्वरूपच बदलतं. विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन खूप संथ लयीत जवळजवळ मिनिटभर चालतं. त्या मिनिटात रागाचं काय मांडायचं, कुठे थांबायचं, शब्द कुठे टाकायचा आणि शेवटी मुखडा धरून समेवर कसं यायचं, हे शिकायला वर्षं लागतात. त्या वर्षांत दर महिन्याला दाखवता येईल असं हाती काही लागत नाही.

त्याच काळात आणखी एक गोष्ट होते. माझ्या मते खरं कारण हेच आहे. मुलांचा कान गळ्याच्या पुढे धावू लागतो. आजवर नुसत्या गोड वाटणाऱ्या थोरांच्या ध्वनिमुद्रणांतले बारकावे आता कळायला लागतात: गंधारावर जाण्याआधीचा ऋषभाचा स्पर्श, मींड कुठून सुटते आणि कुठे विसावते, तानेतल्या एकेका स्वराचा दाणा. असा तयार झालेला कान मग स्वतःच्या गाण्याकडे वळतो, आणि त्याला तिथे फक्त उणिवा ऐकू येतात. मुलगी दोन वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी चांगली गात असते. तिला मात्र आपण बिघडत चाललो आहोत असं वाटतं. त्यातून तिच्या आजूबाजूला सगळे तिच्या पुढचेच. वर्गात गुरू, शेजारी अलंकार करणारी ताई, मोबाईलमध्ये भीमसेन आणि किशोरीताई. आपण किती चालून आलो हे मोजायला तिच्याकडे साधनच उरत नाही.

आता समजा, अशा एका सतरा वर्षांच्या मुलीला तिच्या गुरूंनी सांगितलं, की रविवारी सकाळी नऊ वर्षांची एक मुलगी येते, तिला अर्धा तास तू बसव.

पहिल्या अर्ध्या तासात काय होतं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. छोटी सा लावते आणि तो खाली घसरतो. मोठी म्हणते, ‘नीट ऐक.’ छोटी नीटच ऐकत असते. सा तरी घसरतोच. मोठी पुन्हा गाऊन दाखवते, छोटी जोर लावते, आवाज मोठा होतो आणि सूर आणखी हलतो. इथे मोठीची गाडी अडते. सा ठरवण्यासाठी आपण स्वतः काय करतो, हे तिनं कित्येक वर्षांत मनाशी बोलून पाहिलेलंच नसतं. रोजच्या वाटेनं घरी जाणाऱ्या माणसाला कुणी पत्ता विचारला की वळणं सांगताना तो गोंधळतो, तसं तिचं होतं. मग ती स्वतः एकदा सा लावते आणि स्वतःकडे लक्ष देते. श्वास कुठून सुटतो आहे? जबडा सैल आहे की आवळलेला? आवाज काढण्याआधी मी तंबोरा ऐकते का, किती वेळ? तिला एकेक गोष्ट सापडत जाते. ती छोटीला आधी तोंड मिटून गुणगुणायला सांगते, आवाज अर्धा करायला सांगते, जोडीच्या तारांवर लक्ष ठेवायला सांगते. चौथ्या-पाचव्या वेळी छोटीचा सा क्षणभर तंबोऱ्यात मिसळतो आणि दोघींना तो एकदमच ऐकू येतो.

त्या क्षणी मोठीच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. पहिली, आपल्याला हे येतं आणि आपण ते दुसऱ्याला देऊ शकतो, याचा तिला पुरावा मिळतो. परीक्षेच्या गुणांपेक्षा हा पुरावा निराळा असतो, कारण तो समोर बसलेल्या जिवंत माणसाच्या गळ्यातून आलेला असतो. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. हरवलेलं मोजमाप तिला परत मिळतं. आपणही कधीतरी इथेच बसलो होतो, आपलाही सा असाच घसरत होता, आणि आज तो लावताना विचारही करावा लागत नाही. मधलं अंतर तिला दिसतं. गुरूंनी शंभरदा सांगितलं असतं की तू खूप पुढे आली आहेस, तरी तिनं ते मानलं नसतं. आता सांगावंच लागत नाही.

पट्टीचाही एक भाग आहे. शिकवणारा मुलगा काळी एकमध्ये गाणारा असेल आणि समोरच्या लहान मुलीचा गळा पांढरी चारमध्ये मोकळा होत असेल, तर त्याला स्वतःची पट्टी सोडून तिच्या पट्टीत गाऊन दाखवावं लागतं. सगळे स्वर गळ्यात नव्या जागी येतात. तार सप्तकातली नेहमीची जागा आता अवघड होते, मंद्रातली सोपी होते. वर्षानुवर्षं एकाच पट्टीत गाऊन झालेल्या सवयी अशा वेळी उघड्या पडतात. आपला पंचम सुरामुळे बरोबर लागत होता की नुसत्या जागेच्या ओळखीमुळे, हे कळतं.

पेटीवर शिकवताना आणखी एक जुना धडा नव्यानं उघडतो. पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार मात्र पेटीच्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर फरक किती ते कळेल. छोटी पेटीच्या पट्टीवर विसंबून गंधार लावते आणि मोठीच्या तयार कानाला तो किंचित टोचतो. मग मोठी पेटीचा भाता थांबवते आणि नुसत्या तंबोऱ्यावर गंधार लावून दाखवते. ‘हा ऐक. आता पेटीतला ऐक.’ हे सांगण्यासाठी तो गंधार आधी तिला स्वतःला निःशंक लावता यायला हवा. त्या आठवड्यात ती घरी भूप घेऊन बसते आणि गंधारावर अर्धा अर्धा तास थांबते. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. रविवारी पुन्हा तो दाखवायचा असतो.

लहान मुलांचे प्रश्न हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा भाग आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. भूप शिकवताना मोठी सांगते: सा रे ग प ध हे पाच स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. छोटी सरगम घोटते, बंदिश म्हणते. काही आठवड्यांनी वर्गात कुणीतरी देसकार गात असतं आणि छोटी विचारते, ‘ताई, यातही तेच पाच स्वर आहेत ना? मग हा भूप का नाही?’ मोठीला लेखी परीक्षेतलं उत्तर पाठ असतं. भूप कल्याण थाटाचा, वादी गंधार, संवादी धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, संवादी गंधार, वेळ सकाळची. हे उत्तर नऊ वर्षांच्या मुलीच्या काही कामाचं नाही. तिला कानाला पटेल असं काहीतरी हवं आहे.

मग मोठीला गाऊनच उत्तर द्यावं लागतं. भूपात ती मध्य सप्तकाच्या पहिल्या भागात राहते, पंचमावरून गंधाराकडे येते, ऋषभाला स्पर्श करून पुन्हा गंधारावर विसावते, खाली मंद्र धैवतापर्यंत जाऊन परत वर येते. मग देसकार घेते. आता वस्ती वरच्या अर्ध्यात. धैवत उचलून धरायचा, पंचमावर थांबायचं, तार षड्जाकडे झेप घ्यायची, ऋषभाला आरोहात फारसं महत्त्व द्यायचं नाही. हे करताना तिच्या लक्षात येतं की आपला देसकार मध्येच भूपात शिरतो आहे. तीन ठिकाणी ती अडखळते. इतकी वर्षं तिनं हा फरक लिहून गुण मिळवले होते. गळ्यात तो अजून उतरला नव्हता. त्यात शुद्ध कल्याणही आहे. त्याचा आरोह भूपासारखा, अवरोहात मात्र निषाद आणि तीव्र मध्यम मींडेतून डोकावतात. घरी येऊन ती तिन्ही राग शेजारी शेजारी ठेवून गायला बसते. महिनाभरापूर्वी हीच मुलगी रियाजाला टाळाटाळ करत होती. आता तिला एक खरा प्रश्न पडलेला आहे, आणि उत्तराची वाट पाहणारं कुणीतरी आहे.

गुरू हाच प्रश्न थेट तिला विचारू शकले असते. पण त्यांनी विचारला की तो परीक्षेचा प्रश्न होतो. चुकण्याची भीती त्यात मिसळते. लहान मुलीनं विचारला की त्यात नुसतं कुतूहल असतं आणि ते मोठीलाही लागतं.

आणखी एक गोष्ट घडते, ती थोडी बोचणारी आहे. आपल्याकडे गाणं गळ्यातून गळ्यात जातं, त्यामुळे शिष्य गुरूचं सगळंच उचलतो, दोषांसकट. छोटी काही महिन्यांत मोठीसारखी गाऊ लागते आणि मोठीला तिच्या गाण्यात स्वतःचा नाकात गेलेला आकार ऐकू येतो, प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वर सोडून देण्याची सवय ऐकू येते. स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकूनही जे लक्षात आलेलं नसतं, ते दुसऱ्याच्या कोवळ्या गळ्यातून आल्यावर टाळता येत नाही. इथे काही मुलं खचतात. म्हणून या टप्प्यावर गुरूंनी जवळ असावं. सांगावं की हे होतंच, माझंही झालं होतं, आता तुझा आकार मोकळा कर म्हणजे तिचाही होईल. दोष सुधारायला तिला आता कारण मिळालेलं असतं. परीक्षकासाठी आकार सुधारणं आणि आपल्यामुळे एका मुलीचा आकार बिघडू नये म्हणून सुधारणं, यांत फार फरक आहे.

तबला शिकणाऱ्यांच्या बाबतीत हेच थोड्या वेगळ्या रीतीनं होतं. नवशिक्याला तीनतालाचा ठेका शिकवताना सोळा मात्रा, चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, हे हातावर धरून म्हणायला लावावं लागतं. मुलं हमखास खालीला हरवतात. त्यांना सावरायचं तर शिकवणाऱ्याला स्वच्छ पढंत करावी लागते, आणि वादनात वेगाच्या आड लपलेली बोलांची ढिलाई तोंडानं म्हणताना लपत नाही. बरेचसे तबलजी सांगतील की संथ लयीत बसून कायदा घोटण्याचा कंटाळा त्यांना विद्यार्थी आल्यावर गेला.

शिकवल्यानं शिकणाऱ्याचं भलं होतं, हे मानसशास्त्रज्ञांनीही तपासलेलं आहे. त्यांतले दोन अभ्यास इथे उपयोगी पडतात. सिंगापूरमध्ये झालेला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात काही विद्यार्थ्यांनी एक विषय टिपणांशिवाय शिकवला, तर काहींनी समोर तयार मजकूर ठेवून. आठवड्यानं चाचणी घेतली तेव्हा टिपणांशिवाय शिकवणाऱ्यांना विषय चांगला आठवत होता. मजकूर वाचून शिकवणाऱ्यांना तो फायदा मिळाला नव्हता. शिकवताना मनातून बाहेर काढावं लागतं, त्या काढण्यानंच ते पक्कं होतं, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. तो विषय विज्ञानाचा होता, गाण्याचा नव्हता; पण वही मिटून शिकवायचं हा आपल्या तालमीतला जुना दंडक त्याच्याशी जुळतो. नोटेशनची वही समोर ठेवून छोटीकडून बंदिश वाचून घेणारी मोठी स्वतः काही मिळवत नाही.

दुसरा अभ्यास उत्साहाबद्दलचा आहे. लॉरेन एस्क्रेस-विंकलर, अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांतल्या १,९८२ विद्यार्थ्यांबरोबर तो केला, आणि २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. काही मुलांना आपल्यापेक्षा लहान विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाबद्दल सल्ला लिहायला सांगितलं, आठ-दहा मिनिटांचं काम. ज्यांनी सल्ला दिला, त्या मुलांचे स्वतःचे त्या सत्रातले गुण इतरांपेक्षा थोडे वर गेले. परिणाम मोठा नव्हता. मला त्यातली दिशा महत्त्वाची वाटते. ज्याचा उत्साह गेला आहे त्याला आपण नेहमी आणखी सल्ला देतो, आणखी समजावतो, आणि नकळत त्याला सांगतो की तुला काही येत नाही. त्याच्याकडून काही मागितलं, तर उलटा निरोप जातो.

शाळांच्या इतिहासातही हे सापडतं. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागातल्या मुलग्यांच्या अनाथाश्रमाची शाळा पाहत होता. इथल्या गावठी शाळांतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली, आणि आपल्या शाळेत एका मुलाकडून दुसऱ्याला शिकवण्याची पद्धत बसवली. १७९७ साली त्यानं लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापलं आणि इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. तिथे मात्र तिचा वापर मुख्यतः कमी मास्तरांत जास्त मुलं बसवण्यासाठी झाला. शिकवणाऱ्या मुलाचं काय होतं, हा प्रश्न मागे पडला.

आपल्या संगीतात तो तितका मागे पडला नाही, आणि त्यासाठी विष्णु दिगंबर पलुस्करांकडे पाहावं लागतं. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे १९०८ मध्ये मुंबईत. त्यांच्या संस्थेचा कणा होता उपदेशक वर्ग. निवडक मुलं त्यांच्याजवळ राहून वर्षानुवर्षं शिकत आणि त्यांना पुढे गायक तसेच शिक्षक व्हायचं, हे पहिल्यापासून ठरलेलं असे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही त्यांच्या शिष्यांतली नावं. ओंकारनाथांना तर विशीच्या आसपासच लाहोरच्या विद्यालयाची धुरा सांभाळायला पाठवलं गेलं. पलुस्करांचा हेतू प्रसाराचा होता: गाणं घराघरांत न्यायचं तर शेकड्यांनी शिक्षक लागतील. पण त्या रचनेत शिकणं आणि शिकवणं यांच्यामध्ये भिंत उरली नाही. देवधरांनी मुंबईत स्वतःची शाळा काढली तेव्हा तिथेही हेच दिसतं. लहानपणी त्यांच्याकडे शिकायला आलेले कुमार गंधर्व पुढे त्याच शाळेत शिकवत होते. ज्या पिढीनं मराठी मुलखात ख्यालगायन इतकं रुजवलं, तिच्यातल्या कितीतरी जणांना शिकत असतानाच शिकवायची सवय लागलेली होती. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे. हा उपाय वाटेल तसा वापरला की उलटतो, आणि तो उलटलेला आपल्या आसपास पुष्कळ दिसतो. विशारद झालेली मुलगी घरी शिकवण्या घेऊ लागते, आठवड्याला तीस मुलं येतात, सगळी प्रारंभिकची. दोन वर्षांत तिचा स्वतःचा रियाज संपतो. रोज तीन-चार तास पेटीच्या आवाजावर आवाज चढवून गळा बसतो. संध्याकाळी तंबोरा काढायचं त्राण उरत नाही. पैशांची गरज असलेल्यांना मी काही सांगू शकत नाही, घर चालवणं हे मोठंच काम आहे. पण ज्या मुलांचा उत्साह परत आणायचा म्हणून शिकवायला बसवायचं, त्यांच्यासाठी मात्रा अगदी थोडी हवी.

एक विद्यार्थी, फार तर दोन. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, आणि शक्यतो गुरूंच्याच जागेत, म्हणजे शेजारच्या खोलीतून त्यांचा कान असतो. दोघांच्या मध्ये पाच-सहा वर्षांचं अंतर असावं. फार जवळचा असेल तर तुलना सुरू होते. वर्ग संपल्यावर मोठीला दहा मिनिटं गुरूंनी द्यावीत आणि एवढंच विचारावं: आज ती कुठे अडली, तू काय केलंस, दुसरं काय करता आलं असतं? ही दहा मिनिटं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. याच संभाषणात गुरू आणि शिष्या पहिल्यांदा एका बाजूला बसून एका गाण्याकडे पाहतात. तोवर गुरू नेहमी तिच्याकडे पाहत असतात.

काय शिकवायचं यात मोठीला थोडी मोकळीक हवी. सगळा क्रम ठरवून दिला तर तिच्याकडे फक्त हजेरी उरते. कुठली बंदिश आधी घ्यायची, अलंकार कोणते, सरगम किती दिवस, हे तिनं ठरवावं. चुकलं तर चुकू द्यावं. नवशिक्याचं त्यानं फार नुकसान होत नाही, कारण गुरूंचा कान शेजारी असतो. आणि आपण ठरवलेला क्रम का फसला, हे शोधताना मोठीला शिक्षणाचा क्रम प्रथमच आतून कळतो. तिला आजवर रटाळ वाटलेले पलटे तिच्या गुरूंनी नेमके त्या वयात का दिले होते, ते तेव्हा उमगतं.

फीचा प्रश्न निघतोच. सुरुवातीचे सहा महिने पैसे मध्ये आणू नयेत असं माझं मत आहे. पैसे आले की पालक हिशेब मागतात, किती राग झाले, परीक्षेला कधी बसवणार. नवशिक्याची फी गुरूंकडे जावी आणि मोठीच्या फीत त्याप्रमाणे सूट द्यावी, ही काही वर्गांतली पद्धत मला रास्त वाटते. फुकट राबवून घेणं मात्र अन्यायाचं आहे. मोठीला जर वाटलं की गुरूंनी आपलं काम तिच्या गळ्यात घातलं, तर उत्साह येण्याऐवजी राहिलेलाही जातो.

किती लवकर सुरू करावं? ज्याचा स्वतःचा सूर अजून ठरत नाही त्याला शिकवायला बसवू नये. दोघांचंही नुकसान होतं. मध्यमा प्रथमच्या आसपास, तीन-चार राग निःशंकपणे गाता येऊ लागले की चालतं. आणि परीक्षेच्या आधी, म्हणजे एप्रिल-मे किंवा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राआधी दीड-दोन महिने मोठीची शिकवणी थांबवावी. छोटी तेवढे दिवस गुरूंकडे बसेल. मोठीला या काळात पूर्ण विद्यार्थिनी होऊ द्यावं.

वर्षभरानं छोटी प्रारंभिक उत्तीर्ण होते. इथे बरेच गुरू तिच्या जागी तशीच दुसरी छोटी बसवतात, आणि मोठीला दुसऱ्यांदा तेच सगळं करताना पहिल्या वर्षाची निम्मीही गोडी लागत नाही. विद्यार्थी बदलताना अडचणही बदलावी. या वेळी तेरा वर्षांचा मुलगा द्यावा, ज्याचा आवाज नुकताच फुटू लागला आहे. कालपर्यंत पांढरी चारमध्ये मोकळं गाणारा, आज त्याच पट्टीत पंचमाला चिरकतो आणि लाजून गप्प बसतो. त्याची पट्टी किती खाली आणायची, खर्ज आता घ्यायचा की थांबायचं, आवाज बसेपर्यंत गाण्याऐवजी ताल आणि सरगम वाचनच करून घ्यायचं का, यातलं मोठीला काही ठाऊक नसतं. तिचा स्वतःचा आवाज असा फुटलेला नाही. त्या आठवड्यात ती तालमीला आली, की स्वतःचा बडा ख्याल सुरू करण्याआधी गुरूंना विचारायचे प्रश्न वहीत लिहून आणते.